कार मासिकात लेखक म्हणून शिरायचंय: नमुने काय पाठवू, अर्ज कुणाला करू?

तिसरा_गिअर

नमस्कार मंडळी,

ऑटोमोबाईलचा डिप्लोमा झालाय, सध्या कोल्हापुरात एका सर्व्हिस सेंटरला सर्व्हिस ॲडव्हायझर आहे. वय २४. गाड्यांवर लिहायचं आहे, आणि हौस म्हणून नाही, नोकरी म्हणून. पुण्या-मुंबईच्या एखाद्या कार मासिकात.

अडचणी अशा: जागा भरायची जाहिरात कुठे दिसतच नाही, मग अर्ज कुणाच्या नावे करायचा? कंपन्या आपल्याला टेस्टसाठी गाडी देणार नाहीत, मग रिव्ह्यू लिहायचा कशाच्या जोरावर? पत्रकारितेची पदवी नाही, चालेल का? इंग्रजी वाचतो, लिहितो, पण डोकं मराठीत चालतं.

मामाच्या नव्या स्विफ्टवर एक लेख लिहून बघितलाय. पहिला परिच्छेद खाली देतोय. मोकळेपणानं फाडा.

*"स्विफ्ट म्हणजे तरुणाईच्या गळ्यातला ताईत! २००५ साली भारतात आल्यापासून या गाडीने लाखो मनांवर अधिराज्य गाजवलं आहे. आता नव्या अवतारात ती अधिकच आक्रमक, स्टायलिश आणि पूर्वीपेक्षा दमदार झाली आहे. १.२ लिटरचं झेड सिरीज इंजिन ८२ बीएचपी पॉवर आणि ११२ एनएम टॉर्क देतं, त्यामुळे ओव्हरटेक करताना गाडी चित्त्यासारखी झेप घेते. सस्पेन्शन उत्तम असून खड्डे जाणवतच नाहीत. मायलेज तब्बल २४.८! एकूणच पैसा वसूल गाडी."*

रात्रपाळी_डेस्क

आधी नोकरीचं स्वरूप, कारण बहुतेक अर्ज इथेच चुकतात. मासिकात नव्या माणसाला पहिल्या दिवशी कुणी गाडीची चावी देत नाही. तो बसतो वेब डेस्कवर. तिथलं काम म्हणजे सकाळी आलेल्या प्रेस रिलीजची तासाभरात बातमी करणं, किमतींचे तक्ते अद्ययावत ठेवणं, कुठल्या व्हेरियंटला सहा एअरबॅग आहेत आणि कुठल्याला मागचा वायपर नाही हे जुळवणं, फोटोखाली ओळी लिहिणं, दुसऱ्याची कॉपी म्हणजे लिहून दिलेला मजकूर तपासणं. गाडी चालवणं यानंतर, आणि तेही सुरुवातीला फोटोग्राफरला घेऊन जाण्यापुरतं. म्हणून तुमच्या अर्जातून संपादकाला एवढंच दिसायला हवं, की हा माणूस वेळेत, आकडे न चुकवता, पुन्हा लिहावी लागणार नाही अशी कॉपी देतो. गाड्यांचं वेड असलेल्यांची रांग दारात कायमच असते. तो मुद्दा अर्जात बिनकामाचा.

जाहिरात दिसत नाही कारण बऱ्याचदा ती निघतच नाही. जागा रिकामी झाली की आधी ओळखीतून आणि इनबॉक्समध्ये पडलेल्या चांगल्या मेलमधून माणूस शोधला जातो. मासिकाच्या सुरुवातीच्या पानांवर संपादकीय मंडळाची यादी असते. ती काढा. मुख्य संपादकाला लिहू नका, त्याच्याकडे मेलचा डोंगर असतो. मॅनेजिंग एडिटर, डेप्युटी एडिटर, कॉपी एडिटर किंवा वेबसाइट सांभाळणारा जो कोणी असेल, त्याला नावानिशी लिहा. प्रकाशन संस्थेच्या एचआरला पाठवलेला बायोडेटा संपादकांपर्यंत पोचेलच असं नाही.

वेळ बघा. मासिकाचा अंक बहुधा महिन्याच्या उत्तरार्धात छपाईला जातो. त्या आठवड्यात डेस्कवर कुणाला पाणी प्यायची फुरसत नसते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, मंगळवार-बुधवारी सकाळी मेल टाका. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी त्याच मेलखाली एक ओळ, आणि सोबत एक नवा नमुना. नुसतं "सर, मेल पाहिला का" पाठवू नका.

नमुने तीनच. एक, दीडशे शब्दांची बातमी, एखाद्या खऱ्या प्रेस रिलीजवरून केलेली. दोन, सातशे-आठशे शब्दांचा गाडीचा रिव्ह्यू. तीन, गाड्यांशी संबंधित पण रिव्ह्यू नसलेला सहाशे शब्दांचा लेख. पहिला नमुना कुणी पाठवत नाही, आणि नेमका तोच आधी वाचला जातो.

मुलाखतीला बोलावलं तर लेखी चाचणी असतेच. साधारण अशी: दोन पानी प्रेस रिलीज, अर्धा तास, दोनशे शब्दांची बातमी, मथळा आणि फोटोओळ. रिलीजमध्ये सापळे नसले तरी अर्धवट गोष्टी असतातच. किंमत "सुरुवातीची" म्हणजे सगळ्यात स्वस्त व्हेरियंटची आहे का, एक्स-शोरूम कुठली, फक्त लाँचपुरती आहे का आणि कधीपर्यंत. ईव्ही असेल तर रेंज कुठल्या चाचणीची? आपल्याकडे सांगितली जाते ती बहुधा एमआयडीसी म्हणजे सुधारित भारतीय ड्रायव्हिंग सायकल या प्रयोगशाळेतल्या चाचणीची, रस्त्यावरची नव्हे, तेव्हा तसा उल्लेख हवा. "या महिन्यात इतक्या गाड्या विकल्या" असं कंपनी म्हणते तेव्हा तो आकडा बहुतेक वेळा डीलरकडे रवाना केलेल्या गाड्यांचा असतो. ग्राहकाच्या दारात गेलेल्यांचा अंदाज सरकारच्या "वाहन" पोर्टलवरच्या नोंदणीतून येतो. हा फरक बातमीत बरोबर मांडणारा उमेदवार लगेच नजरेत भरतो.

पदवीचं म्हणाल तर नसली तरी चालतं. डिप्लोमा तुमच्या बाजूचा आहे.

व्हीलबेस

परिच्छेद फाडा म्हणालात म्हणून.

सगळ्यात आधी चुका. ८२ हा आकडा पीएसमधला आहे, बीएचपीमधला नाही; दोन्ही पॉवरचीच एककं, पण वेगळी. कंपनी ६० किलोवॅट देते, म्हणजे ८१.६ पीएस, म्हणजे साधारण ८०.५ बीएचपी. १०० पीएस म्हणजे ९८.६ बीएचपी, हे गुणोत्तर पाठ करून टाका. एकट्या गाडीच्या लेखात हा फरक किरकोळ वाटतो, पण तुलनेच्या तक्त्यात एका कंपनीचा आकडा पीएसमध्ये आणि दुसरीचा बीएचपीमध्ये गेला की सगळा तक्ता बाद.

दुसरी चूक मोठी आहे. "पूर्वीपेक्षा दमदार." आधीच्या स्विफ्टला चार सिलिंडरचं इंजिन होतं, ९० पीएस आणि ११३ एनएमचं. २०२४ मध्ये आलेल्या या गाडीला तीन सिलिंडर आणि ८२ पीएस. म्हणजे पॉवर कमी झाली आहे. मारुतीने ते मायलेज आणि उत्सर्जनासाठी केलं, त्याला कारणं आहेत, ती लिहा. पण विशेषण उलट्या दिशेचं पडलंय, आणि डेस्कवरचा माणूस पुढचं वाचणार नाही.

तिसरं, "मायलेज तब्बल २४.८". हा मॅन्युअल गिअरबॉक्सच्या गाडीचा प्रमाणित आकडा, प्रयोगशाळेत रोलरवर काढलेला. तो लिहायला हरकत नाही, पण कुणाचा ते सांगून. तुम्ही मोजलात का? मोजला असेल तर तो द्या, नसेल तर "तब्बल" काढा.

आता विशेषणं. आक्रमक, स्टायलिश, दमदार, उत्तम, पैसा वसूल. ही पाचही कुठल्याही गाडीच्या नावापुढे लावली तरी वाक्य तसंच उभं राहतं. ज्या वाक्यातून गाडीचं नाव बदलून चालतं ते वाक्य छाटा. हीच कसोटी लावली तर तुमच्या परिच्छेदात आकडे आणि २००५ एवढंच उरतं. चित्ता, वाघ, लोणी, रेशीम हे सगळे रजेवर पाठवा.

"खड्डे जाणवतच नाहीत" असं कुठल्याच गाडीत होत नाही. कुठला खड्डा, किती वेगाला, किती माणसं बसलेली असताना, आवाज आला की धक्का आला, पुढून की मागून?

मला उत्तरं द्या, मग परिच्छेद नव्याने बांधू. गाडी कुठे चालवलीत? किती माणसं? एसी चालू होता? गिअर कुठल्या वेगाला उतरवावा लागला? सिग्नलला उभं असताना हाताला किंवा सीटला काय जाणवलं? स्वतःच्या उंचीला पुढची सीट लावून तिच्या मागे बसलात तेव्हा गुडघ्यापुढे किती जागा उरली?

तिसरा_गिअर

@व्हीलबेस सर, पीएस-बीएचपीची चूक मान्य.

उत्तरं: कोल्हापूरहून राधानगरीमार्गे फोंडा घाट उतरून परत. चार जण, डिकीत दोन बॅगा, एसी चालूच. चढताना तिसऱ्यात ४० च्या खाली आली की ओढत नाही, दुसरा टाकावा लागतो. दुसऱ्यात काही तक्रार नाही. उभी असताना सीटखाली थोडी थरथर, निघाल्यावर नाही. आधीची चार सिलिंडरवाली कामामुळे नेहमी हातात असते, तिच्यात ही थरथर नाही. खड्ड्याचं म्हणाल तर राधानगरीच्या अलीकडे रस्ता उखडलेला आहे, तिथे ३० ला मागच्या सीटवरचे दोघं तक्रार करत होते, पुढे आम्हाला विशेष काही नाही. तेच ७० ला गेलो तर मागेही बरं होतं. माझी उंची ५ फूट ८ इंच, मागे बसल्यावर गुडघ्यापुढे चार बोटं.

व्हीलबेस

अहो, हे सगळं तुमच्याकडे होतं, आणि लिहिलात ताईत!

*"फोंडा घाट चार माणसं, सामान आणि चालू एसी घेऊन चढताना नव्या स्विफ्टचा स्वभाव कळतो. तिसऱ्या गिअरमध्ये वेग चाळिसाच्या खाली आला की ॲक्सिलरेटर दाबून उपयोग नाही. दुसरा टाकावा लागतो, आणि तो टाकला की गाडी मुकाट चढते. आधीच्या गाडीत चार सिलिंडर आणि ९० पीएस होते, इथे तीन सिलिंडर आणि ८२ पीएस. कमाल टॉर्क जवळपास तेवढाच, ११२ एनएम, आणि तो ४,३०० आरपीएमला मिळतो, म्हणजे चढावर इंजिन फिरतं ठेवणं आलं. सिग्नलला उभं असताना सीटखाली हलकी थरथर येते, गाडी निघाली की जाते. उखडलेल्या रस्त्यावर तिशीच्या वेगात मागच्या सीटला धक्के पोचतात, सत्तरीला तोच रस्ता बराच सुसह्य होतो."*

सगळा ऐवज तुमचा. मी फक्त क्रम लावला. क्रमाचं सूत्र असं, की आधी जाणवलेलं, मग त्याचं कारण, मग आकडा. उलटं केलं की ब्रोशर होतं. पुढच्या परिच्छेदात धक्क्याचं कारण यायला हवं: मागे टॉर्शन बीम म्हणजे दोन्ही चाकं एका आडव्या दांड्याने जोडलेलं सस्पेन्शन आहे, गाडी हलकी आहे, दोघांच्या वजनाला स्प्रिंग किती दबते, टायरमध्ये हवा किती होती. हवा मोजली होती का? चार माणसं आणि सामान असताना दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा वेगळी ठेवायला सांगितलेली असेल आणि तुम्ही हलक्या भाराची भरली असेल, तर राइडबद्दलचा निम्मा निष्कर्ष हवेचा आहे, गाडीचा नाही.

स्टॉपवॉच_नको

हवेचा विषय निघालाच आहे तर मोजमापांबद्दल.

नव्या लेखकाने नमुन्यात ०-१०० चा, म्हणजे उभ्या गाडीने ताशी १०० किलोमीटर वेग गाठायचा वेळ अजिबात देऊ नये. फोनवरून काढलेला तर नाहीच. बहुतेक फोनचा जीपीएस सेकंदाला एकदा जागा सांगतो, आणि १०० च्या वेगाला गाडी सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. मासिकं व्हीबॉक्ससारखा डेटा लॉगर म्हणजे जीपीएसवरून वेग नोंदवणारं यंत्र वापरतात, जो सेकंदाला निदान दहा नोंदी घेतो. दोन्ही दिशांनी धावा घेऊन सरासरी काढतात, म्हणजे चढ-उतार आणि वारा वजा होतो. आत किती माणसं, टाकी किती भरलेली, हे ठरलेलं असतं. अमेरिकेतली बरीच मासिकं पहिला एक फूट मोजतच नाहीत. त्यामुळे त्यांचा आकडा साधारण ०.३ सेकंदाने कमी येतो. म्हणून परदेशी मासिकाचा वेळ आणि इथल्या मासिकाचा वेळ एका तक्त्यात टाकला की वाचक पत्र पाठवतात.

शिवाय तुम्ही हे करणार कुठे? सार्वजनिक रस्त्यावर? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरसुद्धा कारला १०० ची मर्यादा आहे, घाटात त्याहून कमी. "१६० लाही गाडी स्थिर" असं वाक्य नमुन्यात दिसलं तर संपादक तुम्हाला धाडसी समजत नाही, विम्याचा धोका समजतो. तसल्या वेगासाठी पिथमपूरचा नॅट्रॅक्स ट्रॅक आहे, ११.३ किलोमीटरचा, आणि तिथे मासिक नेतं, उमेदवार जात नाही.

तुम्हाला मोजता येण्यासारखं भरपूर आहे. सामान लागतं तीन गोष्टींचं: पाच मीटरची टेप, चांगला टायर गेज, वही.

मायलेज मोजायचं तर टाकी ते टाकी. एकच पंप, शक्यतो तेच नोझल, पहिल्या ऑटो-कटला म्हणजे नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं, वर "राउंड फिगर" करायला भरू द्यायचं नाही. मग कमीत कमी अडीचशे-तीनशे किलोमीटर. कारण सोपं आहे: ५ लिटर पेट्रोल खर्च झालं आणि कट होण्यात ३०० मिलीचा फरक पडला तर चूक ६ टक्के. १५ लिटरवर तोच फरक २ टक्क्यांवर येतो. गाडीच्या डिस्प्लेवरचा आकडा वेगळा लिहा, मोजलेला वेगळा, दोन्ही द्या. शहर आणि हायवे एकत्र करून "सरासरी १८" लिहिलंत तर तो कुणाच्याच कामाचा नाही.

स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा जास्तच दाखवतो. नियमच असा आहे की त्याने कमी दाखवता कामा नये, म्हणून कंपन्या थोडा वर ठेवतात. गिअर किती वेगाला उतरवला वगैरे लिहिताना "मीटरवर ४०" असं लिहा.

डिकीचे लिटर ब्रोशरमध्ये असतातच. स्विफ्टचे २६५ आहेत. वाचकाला हवं असतं ते वेगळं: केबिन बॅगा किती, मोठी सूटकेस आडवी की उभी, आणि सामान उचलून किती उंचीच्या काठावरून आत टाकावं लागतं. तो काठ टेपने मोजा. ब्रोशरमध्ये तो नसतो आणि कंबरदुखीवाल्या वाचकाला तोच हवा असतो. 😀

भुदरगडी

भावा, तू सोन्याच्या खाणीवर बसलायस आणि प्रेस कार म्हणजे कंपनीची टेस्टची गाडी मागतोयस.

रिव्ह्यू सगळेच लिहितात, आणि नवी गाडी तुझ्याआधी पन्नास जणांनी चालवलेली असणार. सर्व्हिस सेंटरच्या माणसाला जे दिसतं ते मासिकात बसलेल्यांना दिसत नाही. तुझा तिसरा नमुना तिथून काढ. विषय देतो: डीसीटी म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी चढावर ट्रॅफिकमध्ये ॲक्सिलरेटरवर धरून ठेवली की क्लच का तापतो आणि ब्रेकवर धरली तर का नाही. एएमटीचा, म्हणजे मॅन्युअलवरच बेतलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा क्लच घाटातल्या गावात लवकर का जातो. फॅक्टरी टायर बदलून एक साइज रुंद घातला की मायलेज, स्टीअरिंगचं वजन आणि स्पीडोमीटर यांचं काय होतं. पुरात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला की पाणी सिलिंडरमध्ये जाऊन कनेक्टिंग रॉड कसा वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्ट कव्हर म्हणजे इंजिनसाठीचं जादा विमा संरक्षण नसलं तर विम्यात ते का अडकतं. कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला २०१९ चा पूर आठवतो, हा विषय दरवर्षी जुलैत विकला जातो. जून संपायच्या आत पाठव, पाणी आल्यावर नको.

पण एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव. जॉब कार्ड, गिऱ्हाईकाचं नाव, गाडीचा नंबर, कंपनीचं डीलरला आलेलं अंतर्गत सर्क्युलर, यातलं काहीही लेखात आलं नाही पाहिजे. नोकरीही जाईल आणि मासिकही दारात उभं करणार नाही, कारण आज तू तिथलं फोडतोस, उद्या त्यांचं फोडशील. बिघाड कसा होतो ते लिही, कुणाच्या गाडीत झाला ते नको. हल्लीचा मालक तुझं नाव छापून येऊ देईल का, तेही आधीच बघ.

एफ_आठ

फोटोंबद्दल कुणी बोललं नाही. वेब डेस्कला आता लिहिणाऱ्यानेच फोटो आणि थोडा व्हिडिओ आणावा अशी अपेक्षा असते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे फोन किंवा २४ मिमी लेन्स घेऊन गाडीच्या नाकाजवळ उभं राहणं. बॉनेट फुगतं, मागचा भाग गायब होतो. मागे सरका, ५० ते ८५ मिमीवर घ्या. फोनवर असाल तर २x किंवा ३x लेन्स. कॅमेरा गुडघ्याच्या नाहीतर हेडलॅम्पच्या उंचीला. पुढचा तीन-चतुर्थांश कोन घेताना पुढची चाकं अशी वळवा की अलॉयचं तोंड कॅमेऱ्याकडे येईल, टायरचा तळवा नाही. काचेवर आकाश चमकत असेल तर सीपीएल, म्हणजे चमक कापणारा फिल्टर. दुपारी अकरा ते तीन गाडी सावलीत ठेवा आणि आतले फोटो उरका. बाहेरचे सकाळी किंवा संध्याकाळी.

चालत्या गाडीचा पॅनिंग शॉट: गाडी ४० ला, शटर १/६०, कॅमेरा गाडीबरोबर फिरवत रहायचा आणि क्लिक झाल्यावरही थांबवायचा नाही. दहातले आठ वाया जातात, चालतं. दुसऱ्या गाडीच्या उघड्या डिकीत बसून काढायचा ट्रॅकिंग शॉट तुम्ही काढू नका. एकट्या नवशिक्याने तर मुळीच नाही.

रात्रपाळी_डेस्क

भाषेचा प्रश्न राहिला होता. आपल्याकडची गाड्यांची नावाजलेली मासिकं इंग्रजीत आहेत. ऑटोकार इंडिया मुंबईतून, इव्हो इंडिया पुण्यातून. तिथे जायचं तर नमुने इंग्रजीतच, आणि मराठीत लिहून भाषांतर करून पाठवू नका. वाक्यं लगेच ओळखू येतात. छोटी वाक्यं, कर्ता स्पष्ट, एका वाक्यात एकच गोष्ट, एवढं सांभाळलंत तर साधं इंग्रजी पुरतं. डेस्कला अलंकारिक इंग्रजीचीच जास्त धास्ती असते.

मराठीतही दारं आहेत, ती कमी लेखू नका. दैनिकांची वाहनविषयक पानं, पोर्टल, व्हिडिओ चॅनेल. तिथे जागा तीनशे-चारशे शब्दांची असते आणि वाचक वेगळा असतो. त्याला लॅप टाइम नको, सात लाखांत कुठलं व्हेरियंट घेऊ ते हवं. कॉपी युनिकोडमध्ये द्या. प्रत्येक संस्थेची शब्दांची सवय बघून घ्या, एकीकडे "चारचाकी" चालतं, दुसरीकडे "कार". एका लेखात दोन्ही नकोत.

गाडीच्या क्रॅश टेस्टचं, म्हणजे सुरक्षिततेचं स्टार रेटिंग लिहिताना जपा. आपल्या देशाची अशी चाचणी, भारत एनकॅप, १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. त्याआधीचे बरेच स्टार ग्लोबल एनकॅपचे, आणि त्यांचेही नियम जुलै २०२२ मध्ये बदलले. जुन्या नियमांतले पाच स्टार आणि आत्ताचे पाच स्टार एका रांगेत मांडलेले दिसले की कॉपी परत येते. कुठल्या संस्थेचे, कुठल्या वर्षाचे, दोन्ही लिहा.

बिल_बाकी

पैशाचं आणि पथ्याचं.

थेट नोकरी न मिळता आधी फ्रीलान्स काम मिळण्याची शक्यता जास्त. सुरू करण्याआधी मेलवर चार गोष्टी लिहून घ्या: दर शब्दाला की लेखाला, पैसे लेख दिल्यावर की छापल्यावर, छापलाच नाही तर काय, फोटोंचे वेगळे का. "छापल्यावर" असेल आणि अंक दोन महिने पुढे गेला तर पैसेही तेवढेच पुढे. फीवर साधारणपणे १० टक्के टीडीएस कापतात. पॅन द्या आणि रिटर्न भरा. उत्पन्न करपात्र नसेल तर तो परत मिळतो. न भरल्याने बरेच जण हे पैसे सोडून देतात.

नोकरीची ऑफर आली तर सीटीसी म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च नको, हातात किती ते विचारा. आणि पुण्या-मुंबईत खोलीचं भाडं वजा करून बघा. हे क्षेत्र पगारासाठी प्रसिद्ध नाही. त्याच डिप्लोमावर एखाद्या कंपनीत जास्त मिळेल, हे मान्य असेल तरच पुढे जा.

पथ्य: लाँचच्या ड्राइव्हला विमान, हॉटेल बहुधा कंपनी करते. त्याने मत बदलत नाही असं सगळेच म्हणतात. वाचकाला सांगितलंत तर निदान त्याला ठरवता येतं. एम्बार्गो म्हणजे ठरलेल्या तारखेच्या आणि वेळेच्या आधी प्रसिद्ध करायचं नाही, सही करून दिलेलं असतं. मित्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला एक फोटोसुद्धा त्यात मोडतो, आणि भोगतं सगळं मासिक. स्वतःचं इन्स्टाग्राम किंवा यूट्यूब असेल तर पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर जाहिरात असल्याचा उल्लेख एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेच्या नियमांनुसार २०२१ पासून करावाच लागतो. उमेदवाराचं खातं संपादक चाळतात. सीट कव्हरवाल्याची न सांगितलेली जाहिरात तिथे सापडली तर बोलणी तिथेच संपतात.

तिसरा_गिअर

सगळ्यांचे मनापासून आभार. पुराचा लेख आणि स्विफ्ट, दोन्ही इंग्रजीत लिहायला घेतो. बातमीसाठी एका ईव्हीचं रिलीज घेतलंय. मेलचा मसुदा असा केलाय (पाठवताना इंग्रजीत):

*"विषय: नोकरीसाठी अर्ज. आदरणीय सर, मला लहानपणापासून गाड्यांचं प्रचंड वेड आहे. आपलं मासिक मी शाळेपासून वाचतो. मी मेहनती असून शिकण्याची तयारी आहे. संधी दिल्यास सोनं करीन. सोबत बायोडेटा आणि तीन लेख जोडले आहेत."*

व्हीलबेस

विषयाच्या ओळीत काम, शहर आणि वेगळेपण येऊ द्या: "वेब डेस्क लेखक, तीन नमुने, कोल्हापूर, सर्व्हिस वर्कशॉपचा अनुभव". पहिलं वाक्य: "ऑटोमोबाईल डिप्लोमा, सध्या सर्व्हिस ॲडव्हायझर, मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक दोन्ही चालवतो, परवाना वैध आहे." दुसरं: नमुने कोणते, प्रत्येकी एका ओळीत. तिसरं: रुजू व्हायला किती दिवस लागतील, नोटीस पीरियड किती. बस. वेड, मेहनत आणि सोनं, तिन्ही काढा.

मग एक छोटा परिच्छेद असा, की त्यांच्या गेल्या दोन अंकांतल्या एका लेखाबद्दल नेमकं काहीतरी, आणि त्यांच्या वाचकासाठी तुम्ही देऊ शकाल असे दोन विषय. अंक खरोखर वाचून लिहा. चार महिन्यांपूर्वी छापलेला विषय पुन्हा सुचवणं ही ठरलेली चूक आहे.

रात्रपाळी_डेस्क

जोडपत्रांबद्दल: लेख वर्ड फाइलमध्ये, पीडीएफ नको. डेस्कला त्यात खुणा करायच्या असतात. फाइलचं नाव "फायनल-२-नवीन" असं ठेवू नका, तुमचं नाव आणि विषय ठेवा. फोटो मेलला जोडू नका, ड्राइव्हची लिंक द्या आणि ती सगळ्यांना उघडते का ते दुसऱ्या खात्यातून तपासा. "परवानगी मागा" असं दिसलं की समोरचा पुढच्या मेलवर जातो. आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी आकडे कुठून घेतले ते एका ओळीत लिहा: ब्रोशर, स्वतः मोजलेले, की स्टिकर. छापताना ती ओळ जाईल, पण निवडताना डेस्क ती बघतं.

तिसरा_गिअर

लिंक तपासली, खरंच बंद होती. पुराच्या लेखात इंजिन प्रोटेक्टचा भाग विमा पॉलिसी समोर ठेवून लिहितोय. पहिल्या आठवड्यात मेल टाकतो.